सारथ्याचे लक्ष

नलोपाख्यान आपल्याकडे कीर्तनांतून, आख्यानांतून आणि शालेय पुस्तकांतून इतक्या वेळा आले आहे, की हंसाचे दौत्य आणि दमयंतीचा विलाप कोणालाही ठाऊक असतो. परंतु त्याच कथेत आजच्या मोटारीच्या युगाला उपयोगी पडेल असा एक लहानसा प्रसंग आहे; त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून विदर्भाकडे निघाला आहे. एका दिवसात कुंडिनपूर गाठायचे आहे. सारथी आहे बाहुक, म्हणजे रूप पालटलेला नल. रथ असा सुटला आहे, की राजाचे उत्तरीय खाली पडते आणि ते उचलण्यासाठी रथ थांबवावा असे तो म्हणतो, तोवर ते योजनभर मागे राहिलेले असते. वाटेत बेहड्याचे झाड लागते. राजाला आपल्या गणनविद्येचा मोठा अभिमान. त्या झाडाची पाने आणि फळे किती, हे तो पाहता पाहता सांगून मोकळा होतो. ते खरे की खोटे हे पडताळून पाहण्याची बाहुकाला अनिवार इच्छा होते. मग तो काय करतो? धावत्या रथावरून मान वळवून तो पाने मोजीत बसत नाही. तो रथ थांबवितो, घोड्यांचे लगाम क्षणभर वार्ष्णेयाने धरावेत असे सांगतो, आणि खाली उतरून मग मोजतो. उशीर होईल म्हणून राजा कासावीस होतो. सारथी त्याला स्पष्ट सांगतो, की थोडे थांबा, नाहीतर वार्ष्णेयाला घेऊन पुढे जा. आणि राजा थांबतो.

सारथ्याचे मन एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते, ही गोष्ट महाभारतकाराला ठाऊक होती. ती आपणांसही ठाऊक नाही असे नाही. परंतु भाड्याची गाडी हाकणाऱ्या माणसाचे लक्ष कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आज पुन्हा उभा राहिला आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही मुंबईच्या टॅक्सीचा इतिहास घेतो. कारण घोड्याच्या गाडीपासून मोबाइल फोनपर्यंतची सारी स्थित्यंतरे त्या एका शहरात क्रमाने घडलेली दिसतात.

गेल्या शतकाच्या आरंभी मुंबईत भाड्याने फिरावयाचे म्हणजे व्हिक्टोरियातून. उंच बैठकीवर कोचमन, खाली उतारू, पुढे घोडा. घोडा बुजू नये म्हणून त्याच्या डोळ्यांना ढापणे लावीत. कोचमनचे डोळे मात्र चोहोकडे मोकळे असत. या गाड्यांसाठी १८६३ साली मुंबई इलाख्यात स्वतंत्र कायदा झाला, आणि पुढे १९२० साली नवा कायदा आला. त्याही आधीच्या, १८६० सालच्या दंडसंहितेतील २७९ व्या कलमाने सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे वाहन हाकणे हा गुन्हा ठरविला होता. हे कलम दीडशेहून अधिक वर्षे टिकले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली, तेव्हा तीत ते २८१ व्या कलमाच्या रूपाने जवळजवळ तसेच उतरले. गाडी बदलली, चालक बदलला, रस्ते बदलले. पण अपराधाचे नाव बदलले नाही. निष्काळजीपणा म्हणजे काळजी नसणे, आणि काळजीचे पहिले लक्षण म्हणजे लक्ष.

तथापि घोड्याच्या गाडीत एक सोय होती, ती आपण विसरतो. घोड्याला स्वतःची समज होती. कोचमनचे चित्त क्षणभर भरकटले, तरी घोडा आपण होऊन भिंतीवर जाऊन आदळत नसे. आपल्या खेड्यांत तर बाजाराहून परतणारा शेतकरी गाडीतच आडवा होई आणि बैल त्याला घरी आणून सोडीत. म्हणजे वाहनामध्ये लक्ष देणारे दोघे असत. एक चुकला तर दुसरा सावरून घेई. मोटारीने हा दुसरा काढून घेतला. यंत्राला बळ घोड्याच्या शतपट, परंतु समज शून्य. म्हणून मोटार आली त्या दिवशी हाकणाऱ्याची जबाबदारी दुप्पट झाली, आणि हे फार थोड्यांच्या ध्यानात आले.

मुंबईत पहिल्या मोटारी १८९८ साली आल्या. भाड्याच्या मोटारी, म्हणजे टॅक्सी, १९११ साली सुरू झाल्या. टॅक्सी हे नावच मुळी एका यंत्रावरून पडले आहे. जर्मनीतील ब्रून नावाच्या संशोधकाने १८९१ साली भाडे मोजणारे यंत्र तयार केले, तेच टॅक्सीमीटर. लंडनमध्ये १९०७ साली ते सक्तीचे झाले. या यंत्राचा उपकार मोठा आहे. त्यापूर्वी किती अंतर झाले, किती पैसे व्हावयाचे, याची घासाघीस गाडीवाला आणि उतारू यांच्यात चाले. मीटरने ती थांबविली. गाडी सुटण्यापूर्वी झेंडी पाडली, की पुढचा हिशेब यंत्र करी, आणि चालकाचे मन रस्त्यासाठी मोकळे राही. टॅक्सीत आलेल्या या पहिल्या यंत्राने चालकाच्या मनावरचा भार हलका केला, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवतो. कारण पुढे आलेल्या यंत्राने नेमके उलट केले.

१९१४ साली मोटारींसाठी अखिल भारतीय कायदा झाला, १९३९ साली अधिक विस्तृत कायदा आला, आणि त्याची जागा १९८८ च्या कायद्याने घेतली. खाजगी मोटार चालविणाऱ्याला साधा परवाना पुरतो. पण टॅक्सीवाल्याला त्याखेरीज बिल्ला लागतो आणि गाडीला परमिट लागते. असा भेद का? कारण खाजगी मोटारवाला आपला जीव आपल्या हाती घेऊन निघतो, आणि टॅक्सीवाला परक्याचा जीव भाड्याने घेतो. उतारू मागच्या बाजूस बसतो. ना त्याच्या हाती चाक, ना पायाखाली ब्रेक. त्याने चालकाचे नाव विचारलेले नसते, त्याचा परवाना पाहिलेला नसतो. त्याचा सारा विश्वास त्या बिल्ल्यावर, म्हणजे पर्यायाने समाजाच्या शब्दावर असतो.

हीच दृष्टी सार्वजनिक गाड्यांतही होती. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी राज्य परिवहनाची पहिली एस.टी. धावली. एस.टी.तून प्रवास करीत वाढलेल्या पिढ्यांना चालकाच्या बैठकीजवळची ‘चालकाशी बोलू नये’ ही पाटी चांगली आठवत असेल. किती साधे वाक्य! त्यात ना शिक्षेची धमकी, ना दंडाची रक्कम. पण त्यात एक सिद्धान्त भरलेला आहे. चालकाचे लक्ष ही गाडीतील सर्वांची सामाईक ठेव आहे आणि तिला एकट्याने हात लावू नये, हा तो सिद्धान्त. शिवाय ती पाटी चालकाला उद्देशून नव्हती, ती उतारूंना उद्देशून होती, हेही विसरता कामा नये.

काळ्यापिवळ्या टॅक्सीचा वैभवकाळ म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाटचा काळ. १९६४ साली आलेली ही गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. गिअरचा दांडा चाकाच्या मुळाशी, मीटर डाव्या अंगाला गाडीच्या बाहेर. वाहन हाकताना चालकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले असत. या चालकांपैकी पुष्कळ जण उत्तर प्रदेशातून आणि इतर दूरच्या मुलखांतून एकटे आलेले, कुटुंब गावी. बँका त्यांना दाराशी उभे करीत नसत. म्हणून जॉर्ज फर्नांडिस यांनी टॅक्सीवाल्यांच्या कर्जाची सोय व्हावी यासाठी १९६८ साली एक सहकारी बँक उभी केली. टॅक्सीवाल्याच्या डोक्यावर कर्जाचे ओझे आणि मनात गावाकडची ओढ, या दोन्ही गोष्टी मोबाइलच्या फार आधीपासूनच्या आहेत. त्या ध्यानात ठेवल्याखेरीज त्याच्या हातातील फोनचा न्याय करता येणार नाही. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली, आणि वीस वर्षांची मुदत भरताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. व्हिक्टोरियांना उच्च न्यायालयाने २०१५ सालीच निरोप दिला होता.

आता टेलिफोनाकडे वळू. मोटारीतील टेलिफोन हा खिशातील टेलिफोनापेक्षा वयाने वडील आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात १७ जून १९४६ रोजी मोटारीतून टेलिफोन करण्याची सार्वजनिक सेवा सुरू झाली. हातात मावणाऱ्या फोनवरून पहिला कॉल मार्टिन कूपर यांनी केला तो ३ एप्रिल १९७३ रोजी. या दोहोंच्या दरम्यान, १९६९ साली, केंब्रिज येथील आयव्हन ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. २४ चालकांना मोटार चालविताना पुढे दिसणाऱ्या फटीतून गाडी जाईल की नाही हे ठरवावयास सांगितले, आणि त्याच वेळी टेलिफोनवरून आलेली छोटी वाक्ये खरी की खोटी हेही सांगावयास लावले. निष्पन्न काय झाले? चाक वळविण्याच्या कौशल्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. परंतु ज्या फटीतून गाडी जाणे अशक्य, ती ओळखण्यात चुका वाढल्या. म्हणजे हात चुकले नाहीत, निर्णय चुकला. खिशातला फोन जन्माला येण्याच्या चार वर्षे आधीच त्याचा धोका विद्येला ठाऊक झाला होता.

आपल्या देशात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलले. आरंभी हे यंत्र श्रीमंतांच्या हाती होते. पुढील दहा-पंधरा वर्षांत ते भाजीवाल्याच्या हातगाडीवर आणि टॅक्सीवाल्याच्या खिशात आले. १९९७ साली टोरंटो येथील रेडेलमायर आणि टिब्शिरानी या दोघा संशोधकांनी अपघातात सापडलेल्या ६९९ चालकांच्या टेलिफोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलत असताना टक्कर होण्याचा संभव सुमारे चौपट होतो, असा त्यांचा निष्कर्ष. त्याहून महत्त्वाची दुसरी गोष्ट अशी, की फोन हातात न धरता बोलणारेही अधिक सुरक्षित असल्याचे त्यांना आढळले नाही. पुढे यूटा विद्यापीठातील स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की बोलणाऱ्या चालकाचे डोळे रस्त्यावर असूनही समोरच्या पुष्कळ गोष्टी त्याला दिसत नाहीत. डोळा पाहतो, मन पाहत नाही.

यावर कोणी विचारील, मग शेजारी बसलेल्याशी बोलणेही तितकेच वाईट का? नाही. शेजारी बसलेल्यालाही रस्ता दिसत असतो. समोर बैलगाडी आडवी आली, पोर धावत आले, की त्याचे बोलणे आपोआप थांबते. प्रसंगी तोच ‘अहो, सांभाळा’ म्हणून ओरडतो. घोड्याच्या गाडीतला तो दुसरा जागता जीव येथे काही अंशी परत मिळतो. टेलिफोनवर बोलणाऱ्याला मात्र रस्ता दिसत नाही. तो ऐन चौकात प्रश्न विचारतो आणि ताबडतोब उत्तर मागतो.

कायदा या विद्येच्या मागून लंगडत आला. ब्रिटनने १ डिसेंबर २००३ पासून हातात फोन धरून मोटार चालविण्यास बंदी केली. आपल्याकडे १९८८ च्या कायद्यातील १८४ वे कलम धोकादायक रीतीने वाहन चालविण्याबद्दलचे. १ सप्टेंबर २०१९ पासून त्यात हाती धरलेल्या संपर्क-साधनाचा वापर स्पष्ट शब्दांत घालण्यात आला. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. नंतर १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांनी असे ठरविले, की असे साधन केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही चालकाच्या एकाग्रतेत व्यत्यय येणार नाही अशा रीतीने वापरावे. पण सारा कटाक्ष हातावर आहे. फोन हातात नाही, कानात अडकविला आहे, तर चौकातला पोलीस काय करणार? मनाचा पंचनामा होत नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांतल्या किती जणांच्या बाबतीत चालकाचे मन भलतीकडे होते, हे कोणत्या चौकशीतून कळावे?

आणि टॅक्सीवाल्याच्या बाबतीत तर आणखी एक पेच पडला आहे. २०१० साली मुंबईत ओला ही कंपनी निघाली, २०१३ साली उबर भारतात आली. टॅक्सी हाक मारून नव्हे, तर फोनवरून मागविण्याची रीत पडली. पूर्वी स्टँड रस्त्यावर होता, मीटर गाडीच्या अंगाला होता, वाट डोक्यात होती आणि हिशेब वहीत होता. आता स्टँड, मीटर, वाट आणि वही ही चारही त्या चौकोनी काचेत आली आहेत. एक भाडे पोहोचविण्यापूर्वीच पुढचे भाडे त्या काचेवर येते, आणि ते घ्यावे की सोडावे हे काही सेकंदांत ठरवावे लागते. सोडले तर धंदा बुडतो. घेतले तर बोट आणि नजर दोन्ही काचेवर न्यावी लागतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात ११ मीटर जाते. दोन सेकंद नजर हटली, तर २२ मीटर अंतर ती आंधळी धावते. गाडी ज्या कर्जावर घेतली त्याचा हप्ता महिन्याला ठरलेला. चालकाने दिवसात १२ तासांहून अधिक काळ कामावर राहू नये असे केंद्र सरकारच्या २०२० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले होते, यावरूनच त्याचे दिवस किती लांबत होते याची कल्पना यावी. अशा माणसाला ‘फोन बाजूला ठेव’ असे सांगणे म्हणजे वाण्याला तराजू बाजूला ठेव म्हणण्यासारखे आहे.

येथवर चालकाचा, कायद्याचा आणि कंपन्यांचा विचार झाला. आता एक गोष्ट आमच्या पदरची सांगितली पाहिजे. एका पावसाळी संध्याकाळी आम्ही दादर स्टेशनाबाहेर मागविलेल्या टॅक्सीची वाट पाहत उभे होतो. गाडी कोठे आहे हे फोनच्या नकाशावर दिसत होते, तरी आम्ही चालकाला दहा मिनिटांत तीनदा फोन केला. ‘कुठे आहात? अजून किती वेळ?’ तिसऱ्या खेपेस त्याच्या उत्तराऐवजी लांबलचक भोंगा आणि ब्रेकचा कर्कश आवाज ऐकू आला. मग क्षणभर शांतता. आणि मग तोच म्हणाला, ‘आलो साहेब, दोन मिनिटं.’ गाडीत बसल्यावर विचारले, तेव्हा कळले की एक सायकलवाला आडवा आला होता. वाचला. ‘मग फोन कशाला उचललात?’ असे आम्ही शहाणपणाने विचारले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, ‘नाही उचलला तर लोक गाडी रद्द करतात, साहेब.’

त्या उत्तरावर आमच्यापाशी प्रत्युत्तर नव्हते. टॅक्सीवाले फोनवर बोलतात अशी तक्रार आपण घरोघरी ऐकतो, आणि ती खरी आहे. पण पलीकडच्या टोकाला कोण असते, हा प्रश्न आपण विचारीत नाही. कधी त्याची गावाकडची बायको असते, कधी मालक असतो. परंतु पुष्कळदा तेथे असतो तो पुढचा उतारू. म्हणजे आपणच. मागे बसलेल्या उतारूचा जीव रस्त्याच्या कडेला उभा असलेला उतारू धोक्यात घालतो, आणि पंधरा मिनिटांनी त्यांच्या जागा बदलतात. ‘चालकाशी बोलू नये’ ही पाटी आपण एस.टी.त वाचली, ती गाडीतून उतरताच विसरलो.

तेव्हा करावे काय? फोन फेकून द्या असे आम्ही म्हणणार नाही. रात्री एकटी घरी येणारी मुलगी आपली गाडी कोठे आहे हे घरच्यांना कळवू शकते, ते त्याच यंत्राच्या बळावर. आणि गावापासून शेकडो कोस दूर असलेल्या माणसाला मुलाचा आवाज ऐकू येतो तोही त्यातूनच. प्रश्न यंत्राचा नाही, वेळेचा आहे. पुढचे भाडे गाडी उभी असतानाच चालकाला दिसावे, अशी व्यवस्था कंपन्यांना अवघड नाही. कारण गाडी चालते आहे की उभी आहे हे त्यांच्या यंत्राला क्षणोक्षणी कळत असते. कायद्याने हाताइतकाच कानाचाही विचार करावा. न्यूयॉर्क शहराने आपल्या टॅक्सीचालकांना २०१० पासून कानात अडकवावयाच्या यंत्राचीही मनाई केली, यावरून ते अशक्य नाही असे दिसते. आणि आपण उतारूंनी गाडी येत असताना फोन करू नये. गाडीत बसल्यावर चालकाचा फोन वाजला, तर ‘दादा, गाडी कडेला घ्या, बोलून घ्या, आम्ही थांबतो’ असे म्हणावे, आणि मग खरोखरच थांबावे. या शेवटच्या शब्दात सारी अडचण आहे. कारण थांबणे आपल्याला नको असते.

पुन्हा त्या बेहड्याच्या झाडाखाली जाऊ. पाने मोजण्याचा विषय सारथ्याने काढलेला नव्हता. तो रथात बसलेल्या राजाने काढला होता. घाईही राजालाच होती. रथ थांबविण्याचे शहाणपण नलाचे खरे. परंतु कुंडिनपूरला उशिरा पोहोचण्याची भीती गिळून जो राजा थांबला, त्याच्या शहाणपणाचे मोल त्याहून कमी नाही.